सत्कार लेकराचा होतो, घरच्या आजारपणाचं कोण बघतं?

आपल्या वस्तीतलं लेकरू परदेशी शिकायला निघालं की विहारात सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची प्रतिमा, चौकात फ्लेक्स. भाषणात 'बाबासाहेब कोलंबियाला गेले होते' हे वाक्य हमखास येतं. हे सगळं व्हायलाच पाहिजे. ज्यांच्या पणज्याला शाळेच्या ओसरीवरसुद्धा बसू दिलं नाही, त्यांचं लेकरू विमानात बसतं, याचा आनंद आपण नाही करायचा तर कुणी करायचा?

पण एक गोष्ट मला खटकते. मी गेली काही वर्षं मुलांचे परदेशी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून द्यायला मदत करते. मार्गदर्शन शिबिरांत आपण एसओपी कसा लिहायचा, आयईएलटीएसला किती बँड लागतात, जातवैधता प्रमाणपत्र कधी काढायचं, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, हे सगळं तपशिलाने सांगतो. तू तिकडे असताना आई किंवा वडील गंभीर आजारी पडले तर काय करायचं, हा प्रश्न मात्र कुठल्याच शिबिरात निघत नाही. 'निघताना कशाला असलं अशुभ बोलायचं,' असं एका कार्यकर्त्याने मला सांगितलं. शुभ-अशुभाचा हिशोब आपण 1956 साली नागपुरात सोडून आलो. म्हणून आज हे बोलू.

हा प्रश्न सगळ्यांनाच येतो, मग तो आपला वेगळा कसा, असं कुणी विचारेल. आजार सगळ्यांना येतो हे खरं. पण ज्या घरात मेडिक्लेम आहे, एक काका डॉक्टर आहे, एक आत्या बँकेत आहे, दारात गाडी आहे, त्या घरातलं एक माणूस परदेशी असलं तरी घर चालतं. आपल्या घरात परदेशी गेलेलं लेकरू हेच बऱ्याचदा घरातलं एकमेव माणूस असतं, ज्याला दवाखान्याची फाईल वाचता येते. डॉक्टरशी बोलणारं तेच, बँकेत जाणारं तेच, योजनेचं कार्ड काढणारं तेच. ते गेलं की घराचा कारकून, सल्लागार आणि पैशाचा आधार एकदम जातो. त्यात आजार उशिरा कळतो, कारण रोजंदारीवरचा माणूस पाय उचलेनासा होईपर्यंत कामावर जातो. तेव्हा ही नुसती नशिबाची गोष्ट राहत नाही. कुणाच्या घरावर हा प्रसंग किती जड पडणार, हे जात आणि वर्ग आधीच ठरवून ठेवतात.

माझ्या घरचं सांगते, कारण आपल्याकडच्या अनेक घरांसारखंच ते आहे. 2021 च्या सप्टेंबरमध्ये मी समाजशास्त्राच्या एक वर्षाच्या एम.ए.साठी इंग्लंडला गेले. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, गवंडी होते. दिवसभर विटा-सिमेंट आणि रात्री अंगदुखी. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या, खायच्या आणि सकाळी पुन्हा कामावर, असं वर्षानुवर्षं चाललं. रक्तदाब कधी कुणी मोजला नाही. डिसेंबरात पाय सुजले, दम लागायला लागला, तेव्हा तपासणी झाली. क्रिएटिनिन नऊच्या पुढे होतं. डॉक्टरांनी विचारलं, 'दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेता?' आप्पांना आकडा सांगता आला नाही. वाढलेला रक्तदाब आणि त्या गोळ्या, दोघांनी मिळून मूत्रपिंडं संपवली होती.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस ठरलं, बुधवार आणि शनिवार. डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत बसला. त्या वेळी योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची होती, आता ती पाच लाख झाली आहे. पण मशीन फुकट मिळालं म्हणजे उपचार फुकट झाला असं होत नाही. मशीन जिल्ह्याच्या ठिकाणी, आमचं गाव तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. ऑक्टोबरच्या शेवटापासून एसटीचा संप सुरू होता. मग काळीपिवळी, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. डायलिसिस झाल्यावर माणसाला चक्कर येते, हातपाय गळतात. त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आणायचं. जाणं, चार तास मशीनवर, येणं. ज्या दिवशी आई सोबत जायची, त्या दिवशी तिची कापूस वेचणीची मजुरी बुडायची. धाकटा भाऊ बारावीला होता. तो डायलिसिस वॉर्डाबाहेरच्या बाकावर रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसायचा.

आप्पांची पाळी सकाळी साडेसहाला लागायची. इंग्लंडात तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असायचा. मी पहाटे पाचपर्यंत फोन उशाशी ठेवून जागी राहायची आणि नऊला वर्गात बसायची. वर्गात त्या सत्रात काळजीच्या श्रमावर वाचन चाललं होतं: आजाऱ्याचं, म्हाताऱ्याचं, लेकराचं करण्याचं काम कुणाच्या अंगावर पडतं, आणि त्याला काम म्हणून कुणी मोजत का नाही. पुस्तकात ते सिद्धांत म्हणून होतं. माझ्या घरी तेव्हा आई आप्पांच्या पाण्याची बाटली खडूने खूण करून भरत होती. दिवसाला तेवढंच पाणी. उन्हात तांब्याच्या तांब्या पाणी पिणारा माणूस, त्याला घोट मोजून द्यायचा. ठेचा बंद, केळं बंद, नारळपाणी बंद, भाजी चिरून पाण्यात भिजवून ते पाणी टाकून मग शिजवायची. हे सगळं आईने फोनवर ऐकून शिकलं आणि एकदाही चुकवलं नाही.

जानेवारीत मी सोळा दिवस घरी आले. तिकिटाचे पैसे मैत्रिणींकडून उसने घेतले. इथे धोरणाची गोष्ट येते. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आज इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याला राहण्या-खाण्यासाठी वर्षाला 9,900 पौंड देते, म्हणजे महिन्याला 825. तिथल्याच सरकारने 2025 च्या सुरुवातीला लंडनमधल्या विद्यार्थ्याचा राहण्याचा खर्च व्हिसासाठी महिन्याला 1,483 पौंड धरला होता. विमानभाडं मिळतं ते जाण्याचं आणि शिक्षण संपवून परत येण्याचं. मधेच बाप अतिदक्षता विभागात गेला, तर तिकीट लेकराच्या खिशातून. मोठ्या पगाराच्या घरातल्या मुलाला हा नियम कधी बोचणार नाही. ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांनाच तो बोचतो.

घरी आल्यावर दोन प्रकारचे सल्ले मिळाले. नातेवाईक म्हणाले, 'पोरीची जात आहे, बापाजवळ राहायला पाहिजे. कसली डिग्री घेऊन बसलीस?' माझ्या जागी भाऊ परदेशी असता तर हेच लोक म्हणाले असते, 'तू शीक बाबा, इथलं आम्ही बघतो.' मुलाचं शिक्षण ही घराची गुंतवणूक आणि मुलीचं शिक्षण ही घराने दिलेली सवलत, ही समजूत धम्म स्वीकारल्यावरही आपल्या घरातून पुरती गेलेली नाही.

दुसरा सल्ला चळवळीतल्या मित्रांचा. ते म्हणाले, 'बाबासाहेबांनी पोटची लेकरं गमावली, पण शिक्षण सोडलं नाही. रमाईने गोवऱ्या थापल्या. तू एवढ्यात खचतेस?' हे बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण बाबासाहेबांचं आयुष्य असं चाबकासारखं वापरायला माझा विरोध आहे, आणि तो भावनेतून नाही, चरित्रातून आहे.

1913 च्या जानेवारीत बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली, आणि ते नोकरी टाकून मुंबईला निघाले. वाटेत सुरतला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजी बाबा गेले. बाप आजारी पडल्यावर सगळं सोडून धावत आलेला हा मुलगा आपण भाषणात का सांगत नाही? त्याच वर्षी जूनमध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीचा करार झाला, दरमहा साडेअकरा पौंड, आणि ते अमेरिकेला गेले. मागे घर चालवायला रमाई होत्या, थोरले बंधू आनंदराव होते. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. 1920 मध्ये स्वतः साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांच्याकडचं कर्ज, एवढ्यावर ते पुन्हा गेले आणि शिक्षण पुरं करून आले. आणि राजरत्न गेला तो 1926 साली, बाबासाहेब लंडनहून परत आल्यावर तीन वर्षांनी. 'ते परदेशी असताना लेकरं गेली' असं सरसकट सांगणंही बरोबर नाही.

या चरित्रातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, शिक्षणात खंड पडणं म्हणजे शिक्षण बुडणं नव्हे. परत यावं लागलेल्या लेकराला 'पळून आला' म्हणणाऱ्यांनी 1917 आठवावं. दोन, बाबासाहेबांसारख्या माणसालाही पाठीमागे माणसं आणि पैसा लागला. त्यांची जिद्द अफाट होती, पण त्या जिद्दीला रमाई, आनंदराव, शाहू महाराज, भथेना यांचा टेकू होता. आपण जिद्द तेवढी उचलली आणि टेकू विसरलो. रमाईंच्या हालअपेष्टांवर टाळ्या घेतो, पण आज दुसऱ्या कुठल्या बाईवर ती पाळी येऊ नये म्हणून काय केलं, असं विचारलं की सभा शांत होते. रमाईंचा त्याग थोर होता. म्हणूनच तो प्रत्येक घराकडून नव्याने मागायचा नसतो.

मी परत गेले. निर्णय माझा होता, पण तो शक्य झाला दोन कारणांनी. पहिलं कारण आप्पा. ते म्हणाले, 'माय, माझं रक्त मशीन धुतंय. तू इथं बसून काय धुणार? तुझं काम कर.' दुसरं कारण आमच्या विहारातल्या बायका. महिला मंडळाच्या एका मावशींनी जयंतीच्या वर्गणीची वही काढली, मागच्या कोऱ्या पानावर बुधवार आणि शनिवारच्या तारखा लिहिल्या, आणि प्रत्येक तारखेसमोर एक नाव. त्या दिवशी आप्पांसोबत जाणारं माणूस. मंडळातल्या एकाचा छोटा टेम्पो होता, त्यात गादी टाकून नेणं ठरलं. डिझेलचे पैसे विहाराच्या दानपेटीतून. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राशी कोण बोलणार, औषधाची चिठ्ठी माझ्याकडे फोटो काढून कोण पाठवणार, हेही ठरलं. फेब्रुवारी-मार्च ही वही चालली. आईला निम्मे दिवस तरी मजुरीवर जाता आलं, भावाने बारावीची परीक्षा दिली.

एप्रिलमध्ये वही थांबली. कोरोनाची दोन वर्षं संपून निर्बंध उठले होते, आणि 14 एप्रिल 2022 ची जयंती मोकळेपणाने होणार होती. सगळी पोरं मिरवणुकीच्या तयारीत. टेम्पोला डीजेचं सामान आणायचं होतं. एका शनिवारी कुणीच आलं नाही. आई आप्पांना काळीपिवळीत घालून एकटी घेऊन गेली, पाळी चुकली, दुपारची मिळाली, रात्री अकराला दोघं घरी पोचली. त्यानंतर जवळपास प्रत्येक खेपेला भाऊच गेला. त्याने त्या वर्षी नीटचा फॉर्म भरला नाही.

यात मी कुणाला दोष देत नाही. ज्यांनी दोन महिने वही चालवली त्यांचे उपकार आहेत. पण उपकारावर चालणारी गोष्ट उपकार करणाऱ्याला दुसरं काम आलं की थांबते. आणि ती थांबली की भार कुठे जातो? घरातल्या बाईवर आणि घरातल्या दुसऱ्या लेकरावर. एका लेकराच्या परदेशी शिक्षणाची किंमत त्याच घरातल्या दुसऱ्या लेकराच्या शिक्षणातून वसूल होत असेल, तर त्याला आपण समाजाची प्रगती म्हणायची का? फ्लेक्सवर माझा फोटो होता. बाकावर बसलेल्या भावाचा फ्लेक्स कुणी लावला नाही.

याचं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे, आणि बाबासाहेबांनी तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्येही घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला. बुद्ध आनंदासोबत तिथून जात होते. त्यांनी विचारलं, तुझी शुश्रूषा कुणी करत नाही का? तो म्हणाला, नाही, कारण मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून अंथरुणावर ठेवलं. मग संघ बोलावला आणि सांगितलं की इथे तुमची शुश्रूषा करायला तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? एवढ्यावर ते थांबले नाहीत. आजाऱ्याचं कुणी करायचं याचा क्रमही लावून दिला: उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, आणि कुणीच नसेल तर संघाने. संघाने केलं नाही तर तो दोष मानला जाईल.

करुणा सगळेच सांगतात. इथे बुद्धांनी करुणेचा नियम केला. माणसाच्या मर्जीवर न सोडता जबाबदारी नेमून दिली. आमच्या वहीत नेमकी हीच गोष्ट कमी होती. तारखेसमोर नाव होतं, पण ते नाव आलं नाही तर पुढचं नाव कुणाचं, हे लिहिलेलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ज्या विहारात परदेशी जाणाऱ्या लेकराचा सत्कार होतो, त्याच कार्यक्रमात त्या घरासाठी तीन माणसं नेमा. एक दवाखान्याचं आणि योजनांचं बघणारा, एक येण्या-जाण्याचं बघणारा, एक पैशाचा हिशोब ठेवणारा. प्रत्येकाच्या मागे दुसरं नाव लिहा. त्यात पुरुषांची नावं निम्म्याहून कमी नकोत, नाहीतर घरातल्या बाईचा भार विहारातल्या बाईवर सरकेल एवढंच. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा आजारपणाच्या निधीसाठी बाजूला काढा. डीजेचा एक तास कमी झाला तर बाबासाहेबांना वाईट वाटणार नाही. आणि संघटनांनी सरकारकडे मागणी लावून धरावी, की परदेशी शिष्यवृत्तीच्या योजनांत आई-वडिलांच्या गंभीर आजारासाठी एकदा येण्या-जाण्याचं विमानभाडं द्या आणि त्या काळात निर्वाहभत्ता चालू ठेवा.

जाणाऱ्या मुलांनाही सांगणं आहे. निघण्याआधी आई-वडिलांचा रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन तपासून घ्या. शिधापत्रिका, आधार, योजनेचं कार्ड यांची नावं जुळतात का बघा. तिकडे पोचल्यावर घरची परिस्थिती पहिल्या महिन्यातच आपल्या ट्यूटरला सांगा. ब्रिटनच्या विद्यापीठांत अशा अडचणीसाठी मुदतवाढीचा रीतसर अर्ज असतो, अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी निधी असतो. काही आठवड्यांची सुट्टी परवानगीने मिळू शकते, मात्र मोठा खंड घ्यायचा असेल तर व्हिसाचे नियम आधी विचारून घ्या. आपली मुलं हे अर्ज भरत नाहीत. इथे आयुष्यभर 'सवलतीवाले' म्हणून ऐकून घेतलेलं असतं. मुदतवाढ मागितली की कुणीतरी मेरिट काढेल, ही भीती आपण सामानासोबत तिकडे नेतो. माझ्या वर्गातल्या एका इंग्रज मुलीने आजीच्या आजारपणासाठी तोच अर्ज दहा मिनिटांत भरला आणि चहा प्यायला गेली. तिला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही, कारण तसं काही नव्हतंच. तो तिचा हक्क होता, तसा आपलाही आहे.

आप्पा 2023 च्या पावसाळ्यात गेले. मी तेव्हा शिक्षण संपवून घरी होते. पण शेवटी मी जवळ होते म्हणून माझा परत जाण्याचा निर्णय बरोबर ठरला, असं मी म्हणणार नाही. ते आधी गेले असते तर तो चूकही ठरला नसता. लेकरू थांबलं की परतलं, यावरून त्याची निष्ठा मोजणं आता बंद करू. मोजायचंच असेल तर हे मोजू, की त्याच्या घरच्या खाटेजवळ समाजातली किती माणसं, किती दिवस उभी राहिली.

जय भीम.